बॉक्स कॅमेरा: पहिल्या रोलचे आठ फोटो

बॉक्स कॅमेऱ्यात फिरवायला, जुळवायला फारसं काही नसतं. समोर एक भिंग, बाजूला खटका, शटरचा एकच वेग आणि रोल पुढे सरकवायला एक चावी, एवढाच कारभार. म्हणून एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा याचा, निम्मा निर्णय रोल विकत घेतानाच होऊन जातो आणि उरलेला निम्मा उन्हाकडे बघून घ्यायचा असतो. हे एकदा अंगवळणी पडलं की हा डबा चांगले फोटो देतो. नाही पडलं, तर आठपैकी दोन फोटो येतात आणि दोष 'जुन्या कॅमेऱ्या'वर जातो.

कोणता डबा घ्यावा

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा घरातला माळा, कॅमेरा कुठूनही मिळो, आधी एकच प्रश्न विचारायचा: यात कोणता रोल बसतो? उत्तर बहुतेक वेळा मागच्या दाराच्या आत किंवा चावीजवळ छापलेलं असतं.

१२० असेल तर बिनधास्त घ्या. कोडॅकने १९०१ साली 'नंबर २ ब्राउनी' या बॉक्स कॅमेऱ्यासाठी काढलेला हा रोल आजही नवा मिळतो. अ‍ॅगफाचे बॉक्स आणि त्साइस इकॉनचे बरेचसे बॉक्स टेंगर याच रोलवर चालतात. ६ × ९ सें.मी.चे आठ फोटो निघतात. भारतात बनलेला आणि आपल्याकडच्या असंख्य घरांत असलेला अ‍ॅगफा क्लिक थ्री दिसायला डबा नसला, तरी घराणं तेच: साधं भिंग, १२० रोल आणि ६ × ६ सें.मी.चे बारा फोटो. या लेखातलं जवळजवळ सगळं त्यालाही लागू पडतं.

६२० असेल तर थोडी खटपट आहे. फिल्म तीच, तेवढ्याच रुंदीची, पण स्पूलचा दांडा बारीक आणि चकत्या लहान. कोडॅकने हा रोल १९९५ मध्ये बंद केला, त्यामुळे १२०ची फिल्म अंधारात ६२०च्या स्पूलवर गुंडाळून घ्यावी लागते. त्याची रीत पुढे दिली आहे. ११६ किंवा ६१६ असेल, तर पहिला कॅमेरा म्हणून तो घेऊ नका. शोकेसमध्ये छान दिसेल.

आत एक रिकामा स्पूल आहे ना, हे घेतानाच बघा. तो नसेल तर रोल गुंडाळायचा कशावर?

रोल भरण्याआधीची तपासणी

मागचं दार उघडा, चावी बाहेर ओढा आणि मगच आतला सांगाडा सरकवून काढा. चावी न ओढता सांगाडा खेचला की तिचं टोक वाकतं आणि मग ती स्पूलच्या खाचेत बसत नाही. सांगाडा निघाला की दारापासून भिंगापर्यंत सरळ दिसतं.

शटर आधी बघू. खटका दाबताना मागून पाहिलं की उजेडाची एक झपक दिसली पाहिजे. वेग मोजायला फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ पुरतो. कॅमेरा खिडकीकडे धरून मागून २४० फ्रेमच्या गतीने चित्रण करा आणि भिंग उघडं दिसणाऱ्या फ्रेम मोजा. सहा फ्रेम म्हणजे १/४० सेकंद, आठ म्हणजे १/३०, बारा म्हणजे १/२०. निरोगी बॉक्स कॅमेरा १/३० ते १/५० च्या आसपास असतो. बारा-पंधरा फ्रेम आल्या तर शटर सुस्तावलंय. पुढच्या पत्र्याचे स्क्रू काढून पात्याच्या खिळीवर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचा एक थेंब सुईने सोडा, वीस-पंचवीस वेळा खटका दाबा आणि वाळू द्या. हे काम उघड्या खिडकीशी, विस्तवापासून लांब करायचं. शिवणयंत्राचं तेल मात्र चुकूनही घालू नका. पाती पातळ पत्र्याची असतात, तेलाने एकमेकांना चिकटतात आणि आठवडाभराने शटर होतं त्याहून सुस्त होतं.

भिंग बऱ्याच डब्यांत शटरच्या मागे असतं, त्यामुळे बाहेरून पुसून फक्त पुढची काच स्वच्छ होते. कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आतून हलक्या हाताने पुसा. पुढची बाजूही धूसर असेल तर शटर 'टी'वर (शटर उघडं ठेवायची सोय, पुढे सांगितली आहे) उघडं ठेवून तीच काडी पुढून घाला. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कपाटात राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. वरवरची असेल तर निघते, काच खाल्ली असेल तर डाग राहतात. थोडे डाग चालतात, पण सबंध धुरकटलेलं भिंग फोटोतला काळा रंग करडा करून टाकतं. नेलपॉलिश रिमूव्हर कुठेही वापरू नका, व्ह्यूफाइंडरची प्लास्टिकची भिंगं त्याने पांढरी पडतात.

व्ह्यूफाइंडरचा आरसा काळवंडला असेल तर तो घासू नये, उरलासुरला पाराही जातो. मापाचा पातळ आरसा कापून बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने कॅमेरा वापरण्याजोगा होतो. अंधुक फाइंडरमुळे लोक जितके कंटाळतात तितके दुसऱ्या कशाने कंटाळत नाहीत.

उजेड कुठून शिरतो हे रात्री बघायचं. खोली पूर्ण काळोखी करा, फोनचा टॉर्च लावून तो कॅमेऱ्यात ठेवा आणि दार लावा. फोन मावत नसेल तर छोटी बॅटरी ठेवा. बिजागरी, कोपरे आणि चावीचं भोक यांपैकी कुठे उजेडाची रेघ दिसली, तर आतून काळी लोकर किंवा मखमलीची पट्टी चिकटवा. पुठ्ठ्याच्या जुन्या डब्यांचे कोपरे हमखास फाटलेले असतात.

मागच्या लाल खिडकीकडे विशेष लक्ष द्या. हे कॅमेरे निघाले तेव्हाच्या बऱ्याचशा फिल्मला लाल उजेड दिसतच नसे. आजच्या पँक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणाऱ्या कृष्णधवल) आणि रंगीत फिल्मला तो चांगलाच दिसतो. खिडकीवर काळ्या टेपचा तुकडा लावा, त्याचं एक टोक दुमडून कान ठेवा आणि आकडा बघण्यापुरताच सावलीत उचला. वायरमनची टेप उन्हात कॅमेऱ्यावर गोंद सोडते, कापडी टेप बरी.

भोक मोजा, मग रोल निवडा

कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर (उजेड आत येणाऱ्या छिद्राचं माप) लिहिलेलं नसतं, पण ते काढता येतं. भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर मोजा, भिंगासमोरच्या पत्र्यातल्या छिद्राचा व्यास मोजा आणि भागाकार करा. अंतर १०५ मि.मी. आणि छिद्र ८ मि.मी. असेल तर उत्तर एफ/१३. काही कॅमेऱ्यांच्या डोक्यावर ओढायची पट्टी असते, तिला दोन-तीन लहानमोठी छिद्रं असतात. प्रत्येकाचा आकडा एकदाच काढून दाराच्या आत लिहून ठेवा.

आता एफ/१३ आणि १/४० सेकंद धरून हिशोब असा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, आणि आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग: आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो. कडक उन्हात आयएसओ १०० फिल्मला सुमारे दोन स्टॉप जास्त उजेड मिळतो. कृष्णधवल किंवा रंगीत निगेटिव्ह तो सहज पचवते. विरळ ढगातून झिरपणारं ऊन असेल तर एकच स्टॉप जास्त, आणि सावली न पडणाऱ्या उजळ ढगाळ हवेत बरोबर नेमका. दाट ढग किंवा इमारतीची सावली आली की आयएसओ १०० एक स्टॉपने कमी पडते आणि निगेटिव्ह पातळ येते. तिथे आयएसओ ४०० लागते, ती त्याच सावलीत एक स्टॉप जास्तीवर असते. पण हीच ४०० भर उन्हात चार स्टॉपने जास्त होते, निगेटिव्ह कोळशासारखी काळी येते आणि आकाशातले ढग बुजतात.

म्हणून नोव्हेंबर ते मे महिन्यांत बाहेर फिरायचं तर इलफर्ड एफपी४ प्लस (१२५) किंवा फोमापॅन १०० घ्या. पावसाळ्यात, वाड्याच्या चौकात, झाडांखाली एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स, दोन्ही ४००. उन्हात ४०० चाच रोल आत असेल तर पट्टीवरचं सर्वांत लहान छिद्र वापरा आणि पिवळा फिल्टर असेल तर तोही लावा. ते छिद्र एफ/२२ असेल तर त्याने दीड स्टॉप आणि फिल्टरने एक स्टॉप, असा अडीच स्टॉपचा उजेड कमी होतो. स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट खरं चित्र देणारी) या कॅमेऱ्यात घालू नका, तिला अर्ध्या स्टॉपची चूकही सोसत नाही.

पहिल्या रोलसाठी कृष्णधवलच बरा. एकच साधं भिंग सगळे रंग एका जागी आणत नाही, त्यामुळे रंगीत फोटोत कडांना रंगांची झालर दिसते. काहींना तीच आवडते, पण ती आवड दुसऱ्या रोलपासून जोपासावी.

रोल भरणे

१. सावलीत उभे राहा. उन्हात रोल भरला की कागदाच्या कडेने उजेड शिरतो आणि पहिला फोटो गेलाच समजा.

२. रिकामा स्पूल चावीच्या बाजूला बसवा. चावीचं टोक त्याच्या खाचेत नीट गेलंय ना, हे फिरवून बघा.

३. नवा रोल दुसऱ्या बाजूला ठेवा. कागद सोडवून सांगाड्याच्या मागच्या बाजूने न्या. कागदाची काळी बाजू आत भिंगाकडे आणि आकडे छापलेली बाजू बाहेर दाराकडे. हे उलटं झालं तर भिंगासमोर फिल्मऐवजी कागद येतो आणि अख्खा रोल कोरा निघतो.

४. कागदाची जीभ रिकाम्या स्पूलच्या चिरेत घालून दोन वेढे द्या. कागद दोन्ही चकत्यांच्या बरोबर मध्ये जातोय ना, ते बघा. तिरका गेला तर कड चुरगळते.

५. नव्या रोलवर बोट हलकं टेकवून तो ताणलेला ठेवा, सांगाडा आत सरकवा, चावी दाबून बसवा, दार लावा.

६. चावी सावकाश फिरवा. लाल खिडकीत आधी बाण किंवा ठिपके येतात, ते आले की वेग कमी करा. १ दिसला की थांबा.

१२०च्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा असतात: ६ × ९ साठी ८ पर्यंत, ६ × ६ साठी १२ पर्यंत आणि ६ × ४.५ साठी १६ पर्यंत. तुमच्या कॅमेऱ्याची खिडकी योग्य रांगेसमोरच असते, त्यामुळे दिसतो तोच आकडा खरा. काही रोलवर हे आकडे इतके फिके असतात की जुन्या गडद खिडकीतून दिसत नाहीत आणि माणूस पुढे फिरवत राहतो. अशा रोलसाठी चावी अगदी हळू फिरवा आणि खिडकीवर तिरका, मंद उजेड घ्या.

रोल सैल गुंडाळला जाणं हा या कॅमेऱ्यांचा जुनाट आजार. नव्या रोलच्या खाली असलेली पत्र्याची स्प्रिंग मऊ पडते, ताण राहत नाही, आणि शेवटी रोल चकत्यांबाहेर फुगलेला निघतो. मग कडा धुरकटतात. स्प्रिंग बोटाने थोडी उचला किंवा तिच्याखाली पोस्टकार्डाची दुहेरी घडी सरकवा.

६२० वाल्यांसाठी: दोन रिकामे ६२० स्पूल लागतात आणि ठार अंधार किंवा चेंजिंग बॅग (हात घालून काम करायची उजेडबंद पिशवी). १२०चा रोल आधी एका ६२० स्पूलवर पूर्ण गुंडाळा, मग त्यावरून उलट दुसऱ्यावर. दुसऱ्या वेळी फिल्मचं सुटं टोक आधी जातं आणि कागदाला चिकटवलेलं टोक शेवटी येतं. तिथे जवळजवळ नेहमी फुगवटा येतो. तो दाबून बसवू नका. चिकटपट्टी सोडवा, फिल्म सपाट होऊ द्या, पुन्हा चिकटवा. एक जुना, वाया गेलेला रोल घेऊन हे आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात करा. लॅबला रोल देताना ६२०चा स्पूल परत हवा, असं पाकिटावर ठळक लिहा. नाहीतर तो कचऱ्यात जातो.

फोटो काढणे

ऊन तुमच्या पाठीमागून, एका खांद्यावरून येऊ द्या. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतर चेहऱ्यांवर चांगला उजेड असतो. भर दुपारी डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. ऊन भिंगावर पडत असेल तर डाव्या हाताची सावली धरा. या भिंगांना चमक रोखणारं कोटिंग नसतं, समोरून ऊन आलं की सगळं चित्र दुधाळ होतं.

अंतर हा इथला खरा फोकस. बहुतेक डब्यांत तीन मीटरच्या पुढचं सगळं कामचलाऊ स्पष्ट येतं. आजीच्या अल्बममधल्या पांढऱ्या कडांच्या छोट्या फोटोंना तेवढं पुरत असे, कारण ते निगेटिव्हच्याच आकाराचे कॉन्टॅक्ट प्रिंट असायचे. स्कॅन करून मोठं बघायचं असेल तर माणसांना चार ते सहा मीटरवर उभं करा. मोठी सात-आठ पावलं टाकली की अंतर बरोबर येतं. चेहरा मध्यभागी ठेवा, कडांना भिंग मऊच असतं. कोपऱ्यात उभ्या काकांचा चेहरा विरघळल्यासारखा येतो तो याचमुळे.

जवळचा फोटो हवाच असेल तर चष्म्याच्या दुकानातून +१.०० चं गोल भिंग घ्या आणि पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून कॅमेऱ्यासमोर लावा. आता स्पष्टता साधारण ८५ सें.मी.वर येते आणि तिच्या मागेपुढे जेमतेम आठ-दहा सें.मी. साथ देते. तेवढ्या लांबीची सुतळी कॅमेऱ्याला बांधून ठेवा आणि तिचं टोक समोरच्याच्या कानापर्यंत नेऊन मोजा. नेमका आकडा आपल्या डब्यावर तपासायचा तर रोल नसताना सांगाड्याच्या मागच्या चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर 'टी'वर उघडं ठेवा, डोक्यावर काळं कापड घ्या आणि कागदावरची उलटी प्रतिमा कुठे ठसठशीत होते ते बघा.

कॅमेरा पोटाशी, दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवून धरा. फाइंडर दोन असतील तर एक उभ्या आणि एक आडव्या चौकटीसाठी असतो. आडवा फोटो हवा तर अख्खा डबा कुशीवर वळवायचा. फाइंडरमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे सरकवायला कॅमेरा नेमका उलट्या बाजूला वळतो आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचीच त्रेधा उडते. रिकाम्या कॅमेऱ्याने पंधरा मिनिटं रस्त्यावरची माणसं पकडून बघा, सवय होते.

श्वास अर्धा सोडून थांबा आणि खटका झटका न देता, अंगठ्याने सावकाश दाबत न्या. १/४० सेकंदाला हात हलण्याची भीती असतेच. भिंत, खांब, कठडा, काहीही टेकू चालतो. तांदळाची छोटी पिशवी कठड्यावर ठेवून त्यावर डबा बसवला तर ट्रायपॉडची आठवण येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची शिस्त. या कॅमेऱ्यात एकाच तुकड्यावर दोन फोटो काढण्यापासून अडवणारी यंत्रणा नसते. बऱ्याच ब्राउनींमध्ये खटका खाली दाबला की एक फोटो आणि वर ढकलला की दुसरा, त्यामुळे खटका 'जागेवर नेतो' म्हणून वर ढकलणारा माणूस नकळत दुसरा फोटो काढतो. फोटो काढला की लगेच चावी फिरवून पुढचा आकडा आणायचा. 'नंतर फिरवू' म्हटलं की फिरवला होता की नाही, हे आठवत नाही. एका वहीत आकडा, वेळ, ऊन की सावली, छिद्र आणि अंतर एवढं टिपून ठेवा.

'टी' आणि 'बी'

बाजूची किंवा वरची छोटी पट्टी ओढली की शटर उघडं राहतं. 'टी'मध्ये एकदा दाबल्यावर उघडतं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर बंद होतं. 'बी'मध्ये बोट दाबलेलं असेपर्यंत उघडं. फोनच्या मीटर अ‍ॅपवर आयएसओ ४०० आणि एफ/१३ ठेवा, वेळ कळेल. खिडकीशेजारच्या उजेडात पाऊण-एक सेकंद येतो. मीटर चार सेकंद म्हणाला तर एचपी५ला सहा द्या आणि आठ म्हणाला तर पंधरा, कारण लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते. खटका दाबताना डबा हलतो म्हणून आधी भिंगासमोर काळं पुठ्ठं धरा, शटर उघडा, पुठ्ठं बाजूला करून सेकंद मोजा, पुन्हा पुठ्ठं, मग शटर बंद. काम झालं की पट्टी परत आत ढकला. ती बाहेर राहिली तर पुढचा फोटो हमखास वाया.

रोल काढणे आणि निगेटिव्ह वाचणे

आठवा फोटो झाला की खिडकीत कागद संपेपर्यंत फिरवत राहा आणि वर तीन-चार वेढे द्या. सावलीत उघडा, रोल सैल होऊ न देता कागदी पट्टी चिकटवा आणि फॉइलमध्ये गुंडाळा. गाडीच्या डिकीत ठेवू नका. सगळा रोल कडक उन्हात काढला असेल तर लॅबला डेव्हलपिंगची वेळ पंधरा-वीस टक्के कमी ठेवायला सांगा.

धुतलेली निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की चूक कुठली ते बहुतेक कळतं. काठापासून आत येणारा काळा धूर म्हणजे सैल रोल किंवा उन्हात केलेली अदलाबदल. प्रत्येक फोटोवर एकाच जागी काळा पट्टा म्हणजे डब्याला फट. गोल काळसर ठिपका, कधी त्यात कागदावरच्या आकड्याची पुसट छाप, म्हणजे लाल खिडकी उघडी राहिली. सगळंच पुसट असेल तर शटर सुस्त नाही ना, हे आधी विचारू नका. सुस्त शटरने निगेटिव्ह काळी होते. पातळ निगेटिव्ह म्हणजे सावलीत कमी वेगाची फिल्म वापरली. हललेला फोटो आणि जवळून काढलेला फोटो ओळखायला पायाखालची जमीन बघा. हललेल्या फोटोत गवताच्या पात्यापासून डोंगरापर्यंत सगळं एकाच दिशेला ओढलेलं दिसतं. जवळून काढलेल्या फोटोत चेहरा मऊ, पण मागची भिंत विटा मोजता येतील इतकी स्पष्ट.